सिमेंटचा कैलास

खरं सांगायचं तर त्या दिवशी देवावर माझा विश्वास उरला नव्हता, आणि बायकोवर मी चिडलेला होतो. अशा मनाच्या माणसाला काही मिळावं, अशी त्याची लायकी नसते. तरी मिळालं, म्हणून लिहितो आहे.

आम्ही आंजीचे. शेतात भाजीपाला मी पिकवायचो आणि वर्ध्याच्या बाजारात ती विकायची. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा तेवढी राहिली. गावातल्या बायकांसोबत केदारनाथला जायचं तिचं ठरलेलं होतं. बायका जाऊन आल्या, ही खाटेवर राहिली. मी तिचं सगळं करायचो, पण आतून कंटाळलो होतो. हे स्वतःला कळल्यापासून तिच्या डोळ्यांत पाहणं मला जमत नव्हतं.

अशात तिने ऐकलं, की हिंगणीच्या पुढे नवीन पार्क झालं आहे. आकाशपाळणा, घसरगुंड्या आणि मधोमध उभारलेला कैलास पर्वत, त्याच्या पोटात गुहा आणि शिवलिंग. "मले तो कैलास दाखवा," एवढंच ती धरून बसली. सिमेंटचा डोंगर आणि मशीनचं धुकं, त्यात देव कुठला, असं माझ्या मनात आलं. तरी नेलं.

रविवारची गर्दी होती. चाकाच्या खुर्चीकडे लोक वळून पाहत होते आणि मी खाली मान घालून ती ढकलत होतो. तिला मात्र सगळ्याचं अप्रूप. आकाशपाळण्याला तिने दुरूनच नमस्कार केला. "यात बसली तं दुसऱ्या झटक्याची वाट पाहाचं काम नाई," म्हणाली.

कैलासाशी पोचलो, तर समोर अरुंद पायऱ्या. राखणदार म्हणाला, "भाऊ, खुर्ची इथंच ठेवा लागते." शेजारून धडधाकट माणसं जात होती. कोणालाही विनंती करता आली असती, पण जीभच उचलेना. मदत मागितली तर मला बायको सांभाळता येत नाही हे चारचौघांना कळेल, असं वाटत होतं. आणि खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

"इथूनच हात जोड. सिमेंटच तं हाय सारं," मी म्हणालो.

"सिमेंटचं हाय तं असू द्या. मले आत जायचं हाय."

"कसं नेऊ? डोक्यावर घेऊ?" मी ओरडलो. लोक थांबून पाहू लागले. मी खुर्ची परत वळवली.

आमच्या बाजारात भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. जवळून जी कोणी जात असेल तिला हाक द्यायची. तिने हातातलं काम सोडून उचलून द्यायचं आणि आपल्या वाटेने जायचं. नाव विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. खुर्ची वळली तशी हिने ती हाक मारली. तो खणखणीत आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. "हात देजो वं बाईऽ!"

बर्फाचे गोळे खात पुढे चाललेल्या चारपाच बायका जागच्या जागी थांबल्या. एकीने आपला गोळा सरळ राखणदाराच्या हातात दिला आणि मागे आली. "काय उचलाचं हाय, बाई?"

"मलेच उचला."

त्या खदखदून हसल्या. सिंदीच्या भाजीवाल्या होत्या. जड पोतं उचलताना धरतात तशी दोघींनी एकमेकींची मनगटं धरली आणि हिला वर बसवलं. तिसरीने पाय सावरले. मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी फक्त पाठ धरा." अर्ध्या पायऱ्या चढल्यावर एकजण म्हणाली, "माय वं, हिच्याहून आमचं कोबीचं पोतं जड. काऊन जी भाऊ, जेवाले देत नाई का हिले?"

"देतात," ही म्हणाली, "पन रांधतात बी तेच!"

गुहेत शिरलो आणि सगळ्यांचं हसणं आपोआप थांबलं. अंधार, गारवा आणि पिंडीवर ठिबकणारं पाणी. भिंतीमागे पंपाची घरघर मला स्पष्ट ऐकू येत होती, तरी अंगावर काटा आला. हिने डावा हात उचलला, उजवा मांडीवरच पडून राहिला. मी शेजारी सरकलो आणि माझा तळहात तिच्या तळहाताला लावला. आम्हा दोघांचा मिळून तो एक नमस्कार झाला. तेवढ्यात निळ्या दिव्यात मला तिच्या खालचे हात दिसले. भेगाळलेले, भाजीच्या डागांनी काळवंडलेले, एकमेकांत घट्ट अडकलेले. त्यांच्यावर ती आम्हा सगळ्यांपेक्षा उंच बसली होती. मी त्या हातांकडे पाहतच राहिलो. पिंडीकडे पाहायचं राहूनच गेलं, तरी दर्शन झालं नाही असं मला आजवर वाटलेलं नाही.

खाली आणून त्यांनी तिला खुर्चीत ठेवलं आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्या निघूनही गेल्या. राखणदार विरघळता गोळा धरून ओरडत होता, "बाई, तुमचा गोळा!"

"तूच खाय!" गर्दीतून उत्तर आलं.

दोन वर्षं मी महादेवाला एकच मागत होतो, हिचा पाय चालू दे. पाय अजून चालत नाही, पण तिच्या डोळ्यांत मी आता पाहू शकतो. ओझं एकट्याने उचलायचं हा माझाच हट्ट होता. महादेवाने तसं कधी सांगितलंच नव्हतं. परवा तिला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा शेजाऱ्याला हाक मारली. तो चहा तसाच ठेवून आला. "कोनत्या बाजूनं धरू, भाऊ?" त्याने विचारलं. मी बाजू दाखवली, आणि मनातल्या मनात देवाच्या पायावर डोकं ठेवलं.