वाढदिवसाचं कार्ड

ड्रेस्डेनला आमच्या घराजवळच्या पोस्टाच्या काउंटरवर दर शनिवारी मला एक जर्मन आजी भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या हातात कामांची यादी असते, त्यांच्या हातात अमेरिकेला जाणारं पाकीट. तिथल्या तुरुंगात मृत्युदंड झालेल्या एका कैद्याला त्या सात वर्षं पत्रं लिहितायत. तिकीट लावलं की त्यावर अंगठा दाबून पुटपुटत दहापर्यंत मोजतात, मग मागे रांग कितीही खोळंबो.

परवा पाकीट जाड होतं. "आज त्याचा वाढदिवस!" आजी म्हणाल्या.

"आणि कार्ड आज टाकताय? अहो, पोचायला तीन आठवडे लागतील. मी असते तर महिनाभर आधीच पाठवलं असतं."

"आधीच शुभेच्छा? इतकी वर्षं जर्मनीत राहून हेच शिकलात? अपशकुन असतो तो! आणि ह्याच्या बाबतीत तर मुळीच नको."

मग त्यांनी सांगितलं. त्याच्या शिक्षेची तारीख गेल्या मंगळवारची होती. पण शिक्षेची सगळी पद्धतच नीट तपासायची, म्हणून त्या राज्याने तूर्त सगळेच मृत्युदंड थांबवलेत. माफी नाही, पण मंगळवार तर टळला.

"तरी कार्ड उशिराच पोचणार की," मला काही राहवेना.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" आजी खळखळून हसल्या. "पोचू दे उशिरा. आता त्याला उशीर परवडतो."