दिवे मी घासले

मार्कंड्याच्या जत्रेहून परतताना जंगलाच्या रस्त्यावरच अंधारून आलं. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी. दिवे सुरू होते, पण उजेड पडतच नव्हता. गाडी सेकंडहँड, दिव्यांचं प्लास्टिक उन्हानं हळदीसारखं पिवळं पडलेलं. घासून घ्या, घासून घ्या, म्हणून मी किती महिने मागे लागले होते.

वळणावर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई एकदम समोरच दिसली. त्यानं करकचून ब्रेक दाबला. तरी मोळीला धक्का बसला आणि बाई कडेच्या नालीत पडली.

नवरा काच खाली करून ओरडला, "दिसत नाई का तुले? मराचं हाये का?"

ती कोपर धरून उठली. "दिवे लावाचे ना, भाऊ," एवढंच म्हणाली.

"लागूनच हायेत!"

मी उतरले. तिचं खरचटलेलं कोपर धुतलं, लाकडं गोळा करून मोळी बांधून दिली. गाडीत बसायला ती तयार झाली नाही. "गाव इथीच हाये," म्हणाली आणि निघाली. घरापर्यंत मी संतापानं धुमसत होते.

सकाळी उठून मी गाड्या रंगवणाऱ्या चाचांकडून पॉलिश पेपर आणि चकाकी आणायचं कंपाउंड आणलं. "पानी कमी पडू देऊ नका बाई, ओरखडे येतीन," त्यांनी बजावलं. दिव्यांभोवती चिकटपट्टी लावून घासायला बसले. पिवळं पाणी ओघळलं आणि दिवे दुधाळ होऊन बसले, आधीपेक्षा वाईट.

नवरा दारातून हसला. "लावली ना वाट! बायामाणसाचं काम हाये का हे?"

मी आणखी बारीक पेपर घेतला. खरं सांगते, मी दिवे नाही, त्यालाच घासत होते. शेवटी कंपाउंड लावून फडक्यानं रगडलं, तेव्हा आतला बल्ब लख्ख दिसला.

संध्याकाळी शेजारचे भाऊ आले. "नवे बसवले का जी?"

"छे! घरीच घासले आपण," नवरा ऐटीत म्हणाला. "लोकं आंधळ्यावानी चालतेत, आपल्यालेच पाहा लागते."

मी चहाचा ट्रे आपटला. "आंधळे तुमी होते. घासले मी. अन् त्या बाईले पाडून वरून तिलेच बोलले तुमी."

शेजारी चहा न पिताच उठले. नवऱ्यानं चूक मात्र कधीच कबूल केली नाही.

त्याच उन्हाळ्यात मी गाडी शिकले. त्याला विचारलं नाही.