आकाशातली लूप लाइन

चूक बाबांची. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शेवटी तुम्ही सगळे माझ्याकडेच बघाल.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात. अशात जयपूरजवळच्या बगरू गावात ठशांनी कापड छापणाऱ्या एका शेटजींनी मला त्यांची गाडी दिली. "दुबई से व्यापारी आ रहा है. सीधा यहाँ लाना. ले आया तो नौकरी पक्की."

दुबई ते जयपूर, दोनेक हजार किलोमीटर, तीन तासांचं उड्डाण. तिकिटावर लिहिलेलं: जयपूर, साडेअकरा. मी सकाळपासून जयपुरातल्या आमच्या मुरलीपुऱ्याच्या घरात येरझारा घालतोय. तेवढ्यात फोनवर दिसलं, विमान तासभर उशिरा सुटलं.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. पेपरातून डोकं वर आलं.

"तासभर लेट सुटलं? मग दीड तास लेट पोचणार. एक वाजेल. लेट गाडीला बाजूला लूप लाइनवर उभी करतात, वेळेवरच्या गाड्या आधी काढतात."

"बाबा, आकाशात लूप लाइन नसते."

"तू बघून आलास?"

"तुम्ही आलात?"

"मी आयुष्यभर गाड्या नेल्यात. तुला स्वतःला तिसऱ्या वर्षात नेता आलं नाही."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, तू आत्ताच जाऊन बस ना तिकडे." आमच्या घरात आईचं ऐकतं कोण?

माझं डोकं फिरलेलं. म्हटलं, आज यांना दाखवतोच. "आणि ते साडेअकरा दुबईचे आहेत, बाबा. आपलं घड्याळ दीड तास पुढे. मतलब, एक नाही, अडीच वाजणार!"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पेपरात डोकं घातलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना गप्प केलं! त्या आनंदात दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि आरामात निघालो.

सव्वादोनला एअरपोर्टवर व्यापाऱ्याच्या नावाची पाटी धरून उभा. बाहेर चिटपाखरू नाही. झाडूवाला म्हणाला, "दुबई वाली? वो तो कब की आ गई, भैया."

विमानाने थोडा उशीर वाटेतच भरून काढलेला, सव्वाबाराला उतरलंसुद्धा. आणि उतरायची वेळ उतरायच्या गावचीच छापतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं म्हणे. बाबांच्या त्या अडाणी हिशेबाने एकला आलो असतो, तर व्यापारी नुकताच बॅग ओढत बाहेर पडत असता.

शेटजींचा फोन आला. "साहब सांगानेर में चाय पी रहे हैं."

एअरपोर्ट सांगानेरातच आहे, आणि सांगानेरातही कापडच छापतात. वाट बघून कंटाळलेल्या माणसाला टॅक्सीवाल्याने आपल्या ओळखीच्या दुकानात नेऊन बसवलं. दोन हजार किलोमीटर नीट आलेला माणूस शेवटच्या दोन किलोमीटरांत हरवला. ऑर्डर तिथेच देऊन टाकली त्याने.

घरी मी एवढंच सांगितलं, विमान लवकर आलं, तुमची लूप लाइन खोटी. दुबईच्या घड्याळाचा विषय काढला नाही.

नोकरी गेली.