फुवांचं ताट

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ख्रिस्ती धर्मात आजवर जे जे बदल झाले त्या सर्वांना माझ्या आत्याच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या फुवांचा, कडाडून विरोध होता. त्यातले काही बदल त्यांच्या जन्माआधीचे, एवढाच काय तो नाइलाज.

फुवा खांडबाऱ्याच्या चर्चच्या मंडळीचे पंच होते. मिशनचे साहेब अजून होते, तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात नदी आटायची म्हणून यापुढे बाप्तिस्मा हौदातच द्यावा, असा ठराव आला. फुवा उसळले, "येशूनी बाप्तिस्मा लिधा ती यार्देन नदी काय हौदमा वाहस का?" ठराव मंजूर झाला. पुढच्या पावसाळ्यात डोंगरातला एक गडी नदीतच बाप्तिस्मा मागू लागला. नदी दुथडी भरून वाहत होती, आणि फुवा काठी आडवी धरून वाटेत उभे. "नही भो. ठराव हौदना शे." मी हसलो तर मला म्हणाले, "ठराव व्हस तोवर भांडानं. व्हई गया का मंग त्यावर देवनी सही ऱ्हास."

बायकांनी सभेत मतासाठी हात वर करावा, पंचही व्हावं, असं निघालं तेव्हा त्यांनी दिवेलागणीपर्यंत भाषण केलं. घरी आले तर आत्यानं जेवायला वाढलं आणि ती पाठ फिरवून बसली. ठराव मात्र झाला. दुसऱ्या सभेत लाजऱ्या बायांपुढे फुवाच उभे, "हात वर करा ना वं माय, ठराव व्हई जायेल शे आते."

मग आला तीन वर्षांनी पंचानं पायउतार होण्याचा ठराव. "पंच काय बैल शे का, तीन वरीसमा बदलाले?" पण खरं दुखणं निराळं होतं. प्रभुभोजनात येशूच्या आठवणीची भाकर ठेवून पितळी ताट पंच लोकांमध्ये फिरवत. ते ताट फुवा दर शनिवारी स्वतः चिंचेनं घासायचे, त्यात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत. ते सुटणार म्हटल्यावर माणूस अर्धा झाला. हाही ठराव मंजूर झाला. त्यांची तीन वर्षं भरली तेव्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं. मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, म्हणाले, "फुवांपुरता अपवाद करू." हात वर जाऊ लागले. फुवा एकदम उठले. "खाली करा हात. मन्हासाठे नियम मोडानं काम नही." आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसले. रिकाम्या जागेवर मंडळीनं आत्याला निवडलं.

पहिल्या प्रभुभोजनाला मी तिथेच होतो. इतकी वर्षं आत्यानं भाकर फुवांच्या हातून घेतली होती. आता ती ताट घेऊन मागे आली. मंडळी डोळे मिटून शांत बसलेली. फुवांनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले,

"घरमा बी तूच वाढस. आते आठे बी तूच वाढ."