कुठलं 'येतो'?

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता ती नाही, म्हणून सांगतोय. म्हणजे यातही धाडस नाहीच.

चेन्नईत एग्मोरमधली आमची कचेरी जुन्या इमारतीत होती. जिने अरुंद, लिफ्ट कुरकुरणारी. तिसऱ्या मजल्यावर माझ्यासोबत एक तंजावरकडची मराठी बाई काम करायची, चाकांच्या खुर्चीवर. सगळे तिला अक्का म्हणत. आगीच्या सरावात आमच्या मजल्याचा प्रमुख मी. शिटी वाजवून सगळ्यांना खाली न्यायचो आणि तिला म्हणायचो, "तुम्ही बसा, नुसता सराव आहे."

"अस्के उतरा तुम्ही," ती म्हणायची. तिच्या मराठीत सगळे म्हणजे अस्के. "आगीला तेवढं सांगून ठेवा, अक्का सरावात नाही म्हणून."

सगळे हसायचे. मीही.

मग एका दुपारी खालच्या बॅटऱ्यांच्या खोलीतून खरा धूर आला. लिफ्ट बंद. मी सगळ्यांना जिन्याकडे पिटाळलं. दारातून वळून पाहिलं, तर अक्का माझ्याकडेच बघत होती. म्हणालो, "येतो हं, अक्का."

निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. रोज संध्याकाळी तिला 'येतो' म्हणूनच मी घरी जायचो. त्या दुपारचंही तेच होतं. परत वर चढायचं माझ्या मनात आलंच नव्हतं.

माझ्यामागून दोन शिपाई तिला उचलायला गेले. जिन्यावर पाडतील अशी तिला भीती. तिनं त्यांना तमिळमध्ये सांगितलं, "सर येतायत, तुम्ही पळा." हे शिपायांनीच मला नंतर सांगितलं. बंबवाल्यांनी तिला खांद्यावर घालून खाली आणलं तेव्हा ती बेशुद्ध होती. जगली, पण फुप्फुसं गेली ती गेलीच.

चौकशीत मी म्हणालो, अक्कांनी मदत नाकारली. एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी मान डोलावली, आणि दोष खुर्चीतल्या बाईवर जाऊन बसला.

पुढे एकदा तिच्या घरी गेलो. तिच्या नाकाला नळी होती. कॉफी आली. श्वास गोळा करत तिनं विचारलं, "सर, त्या दिवशीचं 'येतो' कुठलं हो?"

बसमध्ये सगळं घोकून आलो होतो. अक्का, मी पळालो, आणि वर तुमच्यावरच ढकललं. मला माफ करा.

कॉफी संपवली. उठलो, चपला घातल्या.

"येतो, अक्का," म्हणालो.