केळशीच्या कौलावरची ढिली दोरी

हर्णैच्या पुढे आंजर्ल्याची खाडी ओलांडायला तेव्हा पूल नव्हता. तर (माणसं पलीकडे नेणारी होडी) होती. उतरताना चिखलात माझा पाय सटकला आणि खिशातली, केबलच्या टोकाला लावायच्या प्लगची डबी थेट पाण्यात गेली. मी पुण्याहून इंटरनेटचा रेडिओ दुरुस्त करायला निघालेलो, आणि प्लगच खाडीत! तरवाला म्हणाला, "राहूंदे, आता ती माशांची." मला मुळीच हसू आलं नाही. हत्यारांच्या पेटीत चुकून राहिलेला एकच प्लग उरला होता.

आडे गावावरून रिक्षाने केळशीत पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. हसनचाचा फाटकातच उभे होते. जन्मभर तांडेल (होडीचा नाखवा) म्हणून समुद्रात घालवलेला माणूस. त्यांच्या पडवीत त्यांची सून नसरीन कॉम्प्युटर सेंटर चालवायची, आणि त्याचं इंटरनेट कौलावरच्या खांबाला लावलेल्या रेडिओतून यायचं. नसरीन बाळंत झाल्यापासून ते दुपारी-दुपारी बंद पडत होतं.

"चाळीस दिस ती आतल्या खोलीतून भायेर आली नाय," चाचा म्हणाले. "आमच्यात तसाच करतात. आज चाळिसावा. आज ती पोरीला घेऊन पडवीत येणार. नि रियाज आजच सांजेला बोटीवर चढतोय. मग सा म्हैने फोन नाय की काय नाय."

रियाज म्हणजे नसरीनचा नवरा, आखातात बोटीवर कामाला. त्याने मुलीला अजून पाहिलं नव्हतं. असरच्या (दुपार टळतानाच्या) नमाजानंतर तो कॅमेऱ्यासमोर बसणार होता. घरात बांगड्याचं सालन शिजत होतं, वास दरवळत होता, पण मी जेवायला न बसता पेटी उघडली.

या रेडिओला वर वेगळी वीज लागत नाही. खालचा अ‍ॅडाप्टर इंटरनेटच्या केबलमधूनच वीज वर पाठवतो. मी अ‍ॅडाप्टर बदलला, मीटर लावला. वीज नीट. अ‍ॅडाप्टरवरचा हिरवा दिवा लागला. मी सुस्कारा टाकला, तेवढ्यात माडांच्या झावळ्या सळसळल्या आणि दिवा विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. सकाळी चालतं, दुपारी बंद, म्हणजे दुखणं वाऱ्याचं होतं!

शिडी लावून कौलावर चढलो.  खांबावरून खाली येणारी केबल तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ होती. खरं तर रेडिओखाली तिचा झोळ सोडायचा असतो. पाणी झोळावरून ठिबकून जातं आणि खांब हलला तरी प्लगला ओढ बसत नाही. इथे झोळच नव्हता. प्लग अर्धा निसटलेला, पितळ खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं.

"ही कुणी ओढली?" मी वरून ओरडलो.

"मी! रोज सकाळी आवळतो," चाचा अभिमानाने म्हणाले. "ढिली दोरी म्हणजे आळशी तांडेल!"

"अहो चाचा, ही दोरी नाही!" माझा आवाज चढला.

खालून, बाळाला घेऊन पडवीत आलेली नसरीन हळूच म्हणाली, "अब्बा, ती मीच ढिली सोडली होती."

चाचांचा चेहरा पडला. ते शिडी चढून माझ्याजवळ आले.

मी केबलचा खिळा काढून झोळ सोडला, जुनं टोक कापलं, उरलेला एकुलता एक प्लग चढवला. घाईत तो आत सारताना त्याला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची जीभ मोडली. मी डोक्याला हात लावला. आता झोळाच्या वजनानेही प्लग निसटत होता. चिकटपट्टी खारट ओलाव्यावर टिकेना. नव्या प्लगसाठी दापोली गाठून परत येईपर्यंत सगळं संपलं असतं. मशिदीतून असरची बांग आली.

चाचांनी झोळ खालून तळहातावर घेतला. दिवा लागल्याचं नसरीनने ओरडून सांगितलं.

"मी धरतो, तुम्ही खाली जा. तुमचा मुलगा येतोय," मी म्हणालो.

"नको. आवळली मी, धरणारपन मीच. खालची मिशिन मना समजत नाय, तुमी जावा."

मी खाली अ‍ॅडाप्टरपाशी बसलो. वारा वाढला, कौलं कुरकुरली. दिव्यावरून माझी नजर हलेना. नसरीनने बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं. पलीकडून रियाजचा आवाज आला. आधी एक हुंदका, मग "हिचे कान माझ्या आईसारखे," आणि मग, "अब्बा कुठे?"

"वर कौलावर. दोरी धरून हायेत," नसरीन म्हणाली.

"ढिली धरा म्हणावं!" बापाचीच म्हण उलटी करून रियाज मोठ्याने हसला. दिवा एकदाही विझला नाही.

दुसऱ्या दिवशी दापोलीहून प्लग आणून काम पक्कं केलं आणि निघालो. चाचा खाडीपर्यंत सोडायला आले. तरीत बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमी बगितलात ना त्याला? बारीक झालाय का?"

 मी तोंडाशी आलेलं खोटं गिळलं आणि म्हणालो, "चाचा, मी दिव्याकडेच बघत होतो. पण तुमचं ऐकून तो खूप हसला."

"ता मना वर ऐकू आला," ते म्हणाले आणि तर दूर जाईपर्यंत काठावर उभे राहिले.

पुण्यात लोक विचारतात, केळशीला काय काय पाहिलंस? समुद्र पाहिला नाही, किनारा पाहिला नाही. एक हिरवा दिवा पाहिला. चाचांनी तर तोही पाहिला नव्हता.