मास्तर हरले तो रविवार

आधीच सांगून ठेवते, आमचे मालक गेले. आषाढात गेले. शेवटी सांगितलं असतं तर तुम्ही म्हटला असता, बाईनं फसवलं. त्यांनाही हेच पटायचं. गोष्टीत काय होणार ते बघणाऱ्याला अगोदर ठाऊक पाहिजे, लपवून ठेवायचं आणि शेवटी दाखवायचं ही निव्वळ फसवाफसवी, असं ते म्हणायचे. या एका मतापायी आमच्या दुकानाच्या बाकड्यावर तीसेक वर्षं भांडण चाललं होतं.

बाळासो. घेतलं बघा नाव. जन्मभर 'अहो' म्हटलं, आता ओ देणारंच माणूस नाही म्हटल्यावर कसली लाज?

शिवाजी पेठेत आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आणि मागं घर. जळालेल्या मोटरीतली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, हा धंदा. शिरोळकडं कृष्णेला पूर आला की पाण्यात बुडालेल्या मोटरी टेम्पोत घालून शेतकरी यायचे, तोंडं एवढीएवढीशी करून. मालक पहिल्यांदा त्यांना बाकड्यावर बसवायचे. "पावणं, चा घ्या आधी. मोटर हुतीया नीट. घरातली माणसं बरी हाईत न्हवं?" असं मोठ्यांदा विचारायचे. त्यांचं सगळंच मोठ्यांदा. बारीक आवाजात बोलायचं म्हणजे चहाडी करायची, अशी त्यांची समजूत होती. पेठेतल्या फुटबॉलच्या मॅचला जाऊन आले की दोन दिवस घसा बसलेला असायचा, आणि तेवढे दोन दिवस मला घरात शांतता मिळायची.

दर रविवारी संध्याकाळी नृसिंह मास्तर यायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीजवळ, माईंजवळ राहतात. माणूस असा की इस्त्रीच्या शर्टाला सुरकुती पडेल म्हणून बाकड्याला टेकत नाही. आमचे मालक ग्रीसच्या हातानं भडंग खाणारे. या दोघांचं जमावं कसं? तर पिक्चरमुळं. आणि पिक्चरसुद्धा एकाच माणसाचे, रत्नाकर इंगवले म्हणून जुना दिग्दर्शक होता त्याचे. कोल्हापूरच्या स्टुडिओत त्यानं काळेपांढरे रहस्यपट काढले होते. दोघांनी ते पोरवयात मॅटिनीला बघितलेले, आणि हल्ली कुणीतरी मोबाइलवर टाकल्यापासून पुन्हा पुन्हा बघितलेले.

मास्तरांच्या मते इंगवल्यांचा सगळ्यात भारी पिक्चर 'आतली कडी'. एका घरात खून होतो, दार आतून बंद, आणि खुनी कोण ते शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. मालकांच्या मते हाच सगळ्यात फुगवलेला. "एकदा कळलं की संपलं की मास्तर. दुसऱ्यांदा काय बघायचं? कडी?"

मालकांचा लाडका 'माळावरचा टांगा'. एक बाई आपल्या लहान पोराला घेऊन टांग्यातनं माहेरी निघते. बरोबर आंब्याची करंडी. टांगा निघायच्या आधी, करंडी उघडी असताना, तिच्यात नाग शिरतो. आपल्याला दिसतो, टांग्यातल्या कुणाला दिसत नाही. झाकण बसतं, पोरगं करंडीवर पाय ठेवून बसतं, आणि टांगा उताराला लागतो. पुढं सगळा पिक्चर तेवढाच. मास्तर म्हणायचे, "दीड तास पोरगं आंबा मागतंय, बाकी आहे काय त्यात? लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय." मग मालक बाकड्यावर हात आपटायचे. "आपल्याला म्हाईत हाय, पोराला म्हाईत न्हाई! जीव टांगणीला लागतोय का न्हाई तुझा? खरं बोल!" मास्तर शांतपणे म्हणायचे, "नाही." मग चहा. पेठेत कुणी हार मानत नाही, फार झालं तर चहा मागवतात.

मी आत भाकऱ्या थापत ऐकायची. मला कुणी विचारलं नाही. दोन्ही पिक्चर मीही बघितले होते, पण बायकांनी भडंगाला फोडणी द्यावी, मत देऊ नये, असा त्या बाकड्याचा कायदा होता.

चैत्र संपता संपता मालकांचे डोळे पिवळे दिसायला लागले. दवाखान्यात तपासण्या झाल्या, पित्ताची वाट मोकळी करायला नळी घातली. मग डॉक्टरांनी मला आणि माझ्या लेकीला, तेजस्वीला, आत बोलावून घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही, पावसाळा निघाला तर नशीब. बाहेर मालक बाकावर बसून शेजारच्या पेशंटला पंप कुठला घ्यावा ते सांगत होते, त्यांचा आवाज आत येत होता.

बाहेर आले आणि म्हटलं, "कावीळ हाय. पथ्य पाळायचं."

तेजस्वीला शपथ घातली, जावयाला घातली. मास्तरांना गल्लीच्या तोंडाला गाठून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, पुन्हा काढला. म्हणाले, "वहिनी, मला खोटं बोलता येत नाही हो." मी म्हटलं, "खोटं कोण बोला म्हणतंय? भांडता ना दर रविवारी? तसंच भांडा."

आणि भांडले बिचारे. वैशाखभर भांडले. मालक अंगानं उतरत चालले होते, विजारीला पट्ट्याऐवजी दोरी बांधायची वेळ आली, पण आवाज होता. रोज मला सांगायचे, कावीळ गेली की पहिल्यांदा तांबडा रस्सा करायचा, मग कसबा बावड्याला तेजस्वीकडं आठ दिवस जाऊन राहायचं, मग दुकानाला नवा बोर्ड. मी हूं म्हणायची. भांडी घासताना नळ सोडून रडायची, आणि तोंड धुऊन परत हूं म्हणायला जायची.

चूक केली असं मी म्हणणार नाही. लोक आता शहाणपण शिकवतात, सांगायला पाहिजे होतं म्हणून. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मग ज्येष्ठातला तो रविवार. मालकांना बाकड्यावर बसवेना, म्हणून दुकानातच खाट टाकली होती. मास्तर आले आणि दारातच थबकले. आठवड्यात फार फरक पडला होता. तरी मालकांनीच सुरुवात केली, उशीला टेकून. "काय मास्तर, कडी निघाली का न्हाई तुझी? का अजून आतच हाईस?"

मी चहा घेऊन आले होते. मास्तरांनी मालकांच्या मनगटाकडं बघितलं. हाताची नुसती काडी झाली होती. मग हळू आवाजात म्हणाले, "बाळासो, तुझंच खरं रे. टांगाच चांगला. माझंच चुकत होतं इतकी वर्षं."

मालक मास्तरांकडं बघत राहिले. रागानं नव्हे. मोटर उघडल्यावर आत काय जळलंय ते बघायचे ना, तसं. मग म्हणाले, "चा घे मास्तर, निवतोय." बस्स. त्यानंतर पिक्चरचा विषय निघाला नाही. पावसाचं बोलले, माईंच्या गुडघ्याचं बोलले. मास्तर लवकर उठले.

ते गेल्यावर मालकांनी मला हाक मारली.

"काय झालंय मला?"

"कावीळ."

"काविळीपायी मास्तर हरत न्हाई."

माझ्या हातात कपबशा होत्या. खाली ठेवल्या. डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. ते छताकडं बघत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे समद्यांस्नी म्हाईत. तुला, पोरीला, मास्तरला. मी हितं रस्सा करायचं बोलतोय, बोर्डाचं बोलतोय, आणि तुमी समदी खुर्चीत बसून माझा पिक्चर बघताय."

"आवो, तसं न्हवं."

"तसंच हाय. तूबी बघत बसलीस. हूं हूं म्हनत."

तोंड फिरवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात ओरडले किती, भांडले किती, पण अबोला पहिलाच. औषध द्यायला गेले तर माझ्या हातातनं घेत नव्हते, खाली ठेव अशी बोटानं खूण करायचे. मला त्यांच्या मरणाची भीती वाटत नव्हती एवढी त्या अबोल्याची वाटायला लागली. माणूस असाच रुसून गेला तर? उरलेला जन्म मी कुणाची समजूत काढायची?

तिसऱ्या दिवशी बोलले, ते एवढंच, "रविवारी मास्तर येतोय का बघू." पण रविवार आला आणि मास्तर आलेच नाहीत. संध्याकाळी मालक खाटेवरनं दाराकडं बघत पडले. मी पायात चप्पल घातली आणि तडक मास्तरांचं घर गाठलं.

माईंनी दार उघडलं, म्हणाल्या, "बघ बाई, जेवतसुद्धा नाहीये." मास्तर आत अंधारात बसले होते. "वहिनी, कुठल्या तोंडानं येऊ? तुम्ही एवढंच सांगितलं होतं आणि मला तेवढंही जमलं नाही."

माझं टाळकंच फिरलं. "मास्तर, तिकडं माणूस दाराला डोळं लावून पडलाय, आणि तुमी हितं स्वतःचीच कीव करत बसलाय व्हय? उठा. तोंड दाखवू नका, तोंड चालवा. भांडायला चला."

आले. दुकानात शिरले, उभ्या उभ्याच म्हणाले, "बाळासो, मागच्या रविवारी बोललो ते मागं घेतो. टांगा भिकार पिक्चर आहे. दीड तास नुसतं पोरगं आंबा मागतंय." बोलताना डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या, पण शब्द चांगले ठणठणीत होते.

मालकांचा चेहरा असा उजळला, काय सांगू. उठायला बघत होते. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर दम पुरेना. नुसताच हात हलवला. आणि मग मी बोलले. कसं काय बोलले कुणास ठाऊक, तीस वर्षांचं आत साठलेलं होतं.

"तुमचं दोघांचंबी चुकतंय," मी म्हटलं. "दोघंबी त्या पोराकडंच बघत बसलाय. तिच्या आईकडं कुणी बघितलंय?"

मास्तर म्हणाले, "आईचं काय त्यात?"

"तिला म्हाईत हाय."

"छे हो वहिनी. टांग्यात कुणालाच माहीत नसतं. तीच तर त्या पिक्चरची गोम आहे."

"तिला म्हाईत हाय मास्तर. पोरगं आंबा मागतंय, आणि ती काय करती? गोष्ट सांगती. परत मागतंय, परत गोष्ट. करंडीत आंबं असताना कुठली आई पोराला आंबा सोडून गोष्ट देती? तिनं बघितलाय नाग. बोलत न्हाई, कारण बोललं तर पोरगं दचकंल, पाय हलवंल. म्हणून हसत बसलीया."

मास्तर हरायला तयार नव्हते. "मग पोराला उचलून बाजूला का नाही घेत?"

"उचलताना करंडी हलली तर? आणि ठेवती कुठं? चालता टांगा, मधी करंडी. जागा हाय का कुठं त्या टांग्यात?"

"हे तुम्ही तुमच्या मनचं घालताय, वहिनी. मला पटत नाही."

"नका पटवून घेऊ."

खाटेवरनं आवाज आला, "लावा." मालक दुकानातल्या टीव्हीकडं बोट दाखवत होते. मास्तरांनी मोबाइल जोडून पिक्चर लावला. पडद्यावर जुन्या रिळाच्या रेघा पडत होत्या. नाग शिरला, झाकण बसलं, टांगा उताराला लागला. मास्तर मधून मधून पुटपुटत होते, "बघा, आत्ता ती करंडीकडं बघतसुद्धा नाही." पोरानं आंबा मागितला. बाईनं त्याच्या केसांतनं हात फिरवला आणि हसून चिमणीची गोष्ट सुरू केली. मालकांनी मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. आठवड्यात पहिल्यांदाच.

"हिकडं ये," म्हणाले. गेले. खाटेच्या कडेला बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, मास्तरांच्या देखत, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

म्हणाले, "तिला बोलाय कोणच न्हवतं की गं त्या टांग्यात."

तेव्हा मात्र मी नळ सोडायला उठले नाही. तिथंच, त्यांच्यासमोर रडले.